वजनाचं इंजेक्शन, साखरेची गोळी आणि आपल्या नसा



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला आणि रोज कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. माझ्या कामात एक गोष्ट सतत करावी लागते. काही बिघडलं की बिघाड नेमका कुठून आला हे शोधायचं, आणि पुरावा मिळेपर्यंत कुणावर आळ घ्यायचा नाही. आज औषधांकडे त्याच नजरेनं बघू. औषध कोणतं घ्यायचं हे तुमचे डॉक्टर सांगतील. त्यांना कोणते प्रश्न विचारायचे, एवढंच मी सांगणार आहे.

हा विषय निवडायचं कारण म्हणजे गेल्या काही महिन्यांत नात्यातून आलेले दोन प्रकारचे फोन. एक चुलतभावाचा. वय २६, निकाह ठरलाय, वजन ९४ किलो. जिममधला एकजण त्याला म्हणाला, "तीन महिने पेन टोच, शेरवानी ढिली होईल." दुसरा एका चाचांचा. त्यांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. डॉक्टरांनी आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं होतं आणि साखर ताब्यात येत होती. तेवढ्यात मोबाईलवर निरोप आला, "या इंजेक्शननं माणूस आंधळा होतो, नसा सुकतात." चाचांनी कुणालाही न विचारता औषध बंद केलं. एकजण न विचारता सुरू करायला निघालेला, दुसरा न विचारता थांबलेला. दोघांच्याही हातात माहिती अर्धीच होती.

आधी औषध समजून घेऊ. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात येतं. रक्तातली साखर वाढलेली असेल तर ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला 'पोट भरलं' असा निरोप देतं. शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांत नष्ट होतं. सेमाग्लुटाइड हा त्याचाच टिकाऊ भाऊ. एकदा टोचलं की त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो, आणि ते अंगातून जवळपास पूर्ण जायला पाच आठवडे. हा आकडा लक्षात ठेवा. डोकेदुखीच्या गोळीसारखं 'त्रास झाला, उद्यापासून बंद, परवा बरं' असं इथे होत नाही.

अमेरिकेत हे औषध ओझेम्पिक या नावानं २०१७ मध्ये मधुमेहासाठी आणि वेगोवी या नावानं २०२१ मध्ये वजनासाठी मंजूर झालं. भारतात त्याची गोळी, रायबेल्सस, २०२२ मध्ये आली. टिर्झेपाटाइड म्हणजे मौंजारो मार्च २०२५ मध्ये आलं आणि वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं आणि स्वस्त पर्यायांची वाट मोकळी झाली. काल जे औषध बड्या घरांपुरतं होतं, ते आता आपल्या मोहल्ल्यातल्या मेडिकलपर्यंत येणार. म्हणून ही चर्चा आत्ताच व्हायला हवी.

आता 'नसा' या शब्दाकडे येऊ. आपण बोलताना रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. आज मी मज्जातंतूंबद्दल बोलतोय, म्हणजे स्पर्श, वेदना, नजर आणि हालचालीचे निरोप वाहून नेणाऱ्या तारांबद्दल. त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू औषध नसून वर्षानुवर्षं वाढलेली साखर आहे. मधुमेह असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी मज्जातंतूंचा त्रास होतो. तो पायांपासून सुरू होतो, कारण पायाकडे जाणाऱ्या तारा सगळ्यात लांब असतात. आधी मुंग्या, मग तळपायांची आग, मग बधिरपणा. चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही.

पहिली अडचण इथेच येते. ज्याला औषध दिलं जातं त्याच्या नसा बऱ्याचदा आधीच दुखावलेल्या असतात. औषध सुरू केल्यावर दोन महिन्यांनी पायांची आग वाढली, तर दोष औषधाचा की जुन्या साखरेचा? आमच्या कामात एकाच दिवशी दोन बदल केले आणि सिस्टीम कोसळली, तर कोणत्या बदलामुळे कोसळली हे नुसत्या अंदाजानं सांगता येत नाही. तुलना करावी लागते. वैद्यकशास्त्र तेच करतं, एका गटाला औषध, दुसऱ्याला नाही, आणि मग फरक मोजायचा. अशा मोजणीतून आणि डॉक्टरांच्या नोंदींतून मज्जातंतूंबाबत जे समोर आलं आहे, ते पाच भागांत सांगतो.

पहिला भाग डोळ्यांचा, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच पसरली आहे. डोळ्यामागच्या दृष्टितंतूचा रक्तपुरवठा अचानक कमी होऊन एका डोळ्याची नजर जाते, असा एक आजार आहे. त्याचं इंग्रजी संक्षिप्त नाव नायॉन. यात डोळा दुखत नाही. पुष्कळदा सकाळी उठल्यावरच लक्षात येतं की एका डोळ्यासमोर सावली आहे. त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि गेलेली नजर बहुधा पूर्ण परत येत नाही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या एका नेत्ररुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या मधुमेही रुग्णांमध्ये सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांपैकी ८.९ टक्के लोकांना तीन वर्षांत हा आजार झाल्याचं दिसलं, तर जीएलपी-१ गटाबाहेरची औषधं घेणाऱ्यांमध्ये १.८ टक्के. चाचांच्या मोबाईलवर आलेल्या निरोपाचं मूळ हे असावं.

आता हा आकडा कुणामध्ये मोजला ते बघा. ही माणसं डोळ्यांच्या आणि दृष्टितंतूच्या तक्रारींसाठी खास तज्ज्ञांकडे पाठवलेली होती. गॅरेजमध्ये उभं राहून गाड्या मोजल्या तर शहरातल्या बहुतेक गाड्या बिघडलेल्या वाटतील. म्हणजे तो अभ्यास खोटा होता असं नाही. त्यानं इशारा दिला, आणि इशारा देणं हेच त्याचं काम होतं. पुढे युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीनं सगळी उपलब्ध माहिती तपासली आणि जून २०२५ मध्ये निष्कर्ष दिला. मधुमेही लोकांमध्ये सेमाग्लुटाइडमुळे या आजाराची शक्यता साधारण दुप्पट होते, पण मुळात तो इतका विरळ आहे की दहा हजार लोकांनी वर्षभर औषध घेतलं तर साधारण एक जास्तीचा रुग्ण निघतो. औषधाच्या माहितीपत्रकात तो 'अतिशय विरळ दुष्परिणाम' म्हणून नोंदवावा, असं समितीनं सांगितलं.

'दुप्पट' आणि 'दहा हजारांत एक', दोन्ही खरं आहे. फक्त पहिलं सांगणारा घाबरवतो आणि फक्त दुसरं सांगणारा विकतो. आपल्याला दोन्ही माहीत हवं. आणि ज्या एकाचा डोळा गेला त्याच्यासाठी ती टक्केवारी नसते, हेही विसरता कामा नये. म्हणून नियम साधा आहे. एका डोळ्याची नजर अचानक कमी झाली तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं आणि इंजेक्शन चालू असल्याचं सांगायचं. निदान पक्कं झालं तर औषध थांबवावं, असं युरोपीय संस्थाच सांगते.

दुसरा भाग त्वचेचा. काही लोकांना हे औषध घेताना कातडीवर विचित्र संवेदना होतात. आग, मुंग्या, किंवा नुसत्या ओढणीचा, चादरीचा स्पर्शही नकोसा वाटणं. वजनासाठी नेहमी दिला जाणारा सर्वांत मोठा डोस आठवड्याला २.४ मिलिग्रॅमचा. त्याच्या तिप्पट, ७.२ मिलिग्रॅमचा डोस एका चाचणीत तपासला गेला. तेव्हा मोठ्या डोसच्या गटात शंभरातल्या सुमारे २३ जणांना असा त्रास झाला, नेहमीच्या डोसच्या गटात सहा जणांना, आणि औषधच नसलेली सुई घेणाऱ्यांत शंभरात एकालाही नाही. डोस वाढला तसा त्रास वाढला. असं दिसतं तेव्हा संशय पक्का होत जातो. म्हणून 'मित्राला चालला तो डोस मलाही चालेल' किंवा 'दोन आठवड्यांचं एकदम घेतो' हे प्रयोग करायचे नाहीत. हे औषध लहान डोसपासून, आठवड्यांच्या अंतरानं, पायरीपायरीनं वाढवतात.

तिसरा भाग ऐकायला उलटा वाटेल. साखर फार वेगानं कमी झाली तरी नसा दुखतात. इन्सुलिन नवीन होतं तेव्हाच, १९३३ मध्ये, हे नोंदवलं गेलं होतं. त्यात पुढे २०१५ च्या संशोधनानं आकड्यांची भर घातली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी तुम्हाला माहीत आहे. समजा ती बारा होती आणि तीन महिन्यांत आठवर आली. घरात मिठाई वाटली जाते, आणि त्याच सुमारास पायांत असह्य जळजळ सुरू होते. तीन महिन्यांत दोन अंकांपेक्षा जास्त घसरण झाली तर हा धोका वाढतो, मग ती इन्सुलिननं होवो, गोळ्यांनी की इंजेक्शननं. बहुतेकांचं हे दुखणं काही महिन्यांत हळूहळू उतरतं. डोळ्याच्या पडद्याचंही तसंच आहे. सेमाग्लुटाइडच्या २०१६ च्या मोठ्या चाचणीत पडद्याची गुंतागुंत औषध घेणाऱ्यांत तीन टक्के होती आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के. पडदा आधीच खराब असलेल्यांना हा धोका जास्त. म्हणून जुनी, खूप वाढलेली साखर असेल तर औषध सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या आणि डॉक्टरांना विचारा, "साखर किती वेगानं खाली आणायची?"

चौथा भाग माझ्या चुलतभावासारख्या तरुणांसाठी. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली, हाडाच्या अगदी जवळून एक मज्जातंतू जातो. त्याच्याभोवती चरबीची गादी असते. वजन झपाट्यानं उतरलं की ती गादीही उतरते. मग तासन्‌तास पायावर पाय टाकून बसल्यानं किंवा उकिडवं बसल्यानं तो तंतू दबतो आणि पाऊल उचलत नाही, चालताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो. डॉक्टरांना हा प्रकार इंजेक्शन येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. कडक डाएट करणाऱ्यांनाही तो होतो. यात दोष औषधाच्या रसायनाचा नसून घाईचा आहे. तीच गोष्ट सतत उलट्या होण्याची. आठवडेच्या आठवडे उलट्या आणि खाणं बंद असं झालं तर शरीरातलं बी१ जीवनसत्त्व संपतं. मग चालताना तोल जातो, डोळे नीट हलत नाहीत, माणूस गोंधळतो. असे थोडे रुग्ण नोंदवले गेले आहेत. 'उलट्या होतायत म्हणजे वजन उतरतंय' असं मानून खुश होऊ नका. डॉक्टरांना फोन करा.

पाचवा भाग इंजेक्शनचा नाही, पण आपल्या घरांना सगळ्यात जास्त लागू आहे. मेटफॉर्मिन. मधुमेहाची ही स्वस्त, जुनी आणि चांगली गोळी. ती वजन वाढवत नाही, थोडं कमीच करते. या खोलीत बसलेल्या बहुतेकांच्या घरात तिची पट्टी असेल. ती वर्षानुवर्षं घेतल्यावर आतड्यातून बी१२ जीवनसत्त्व शोषलं जाण्याचं प्रमाण घटू शकतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं २०२२ मध्ये सांगितलं की हा दुष्परिणाम विरळ नाही. दहापैकी एकापर्यंत लोकांना तो होऊ शकतो. आणि बी१२ कमी पडलं की मुंग्या, तळपायांची आग, बधिरपणा, तोल जाणं, अगदी मधुमेहाच्या त्रासासारखंच सगळं होतं.

माझी खाला दहा-बारा वर्षं ही गोळी घेत होती. रात्री पाय गादीबाहेर काढून झोपायची, कारण तळवे जळायचे. घरात सगळ्यांचं एकच, "शुगरवाल्यांचे पाय असेच असतात." एका तरुण डॉक्टरबाईंनी बी१२ ची तपासणी लिहून दिली तेव्हा खाला हसली. "बेटा, आम्ही गोश्त खाणारी माणसं. हा तर शाकाहाऱ्यांचा आजार." रिपोर्ट आला, पातळी बरीच खाली होती. ताटात होतं, पण अंगात उतरत नव्हतं. बी१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांत आग पुष्कळ कमी झाली, झोप लागू लागली. अंगठ्यांचा बधिरपणा मात्र राहिला, कारण तिथे उशीर झाला होता. गोळी तिनं सोडली नाही आणि सोडायची गरजही नव्हती. एक तपासणी वेळेवर व्हायला हवी होती, इतकंच. अम्मी, अब्बू, फुफी, कुणीही काही वर्षांपासून मेटफॉर्मिन घेत असेल आणि पायांची तक्रार करत असेल, तर डॉक्टरांना विचारा, "बी१२ तपासायचं का?"

एवढं ऐकून 'ही औषधं नकोतच' असं कुणाला वाटलं, तर दुसरी बाजूही ऐका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी. वजन जास्त असलेले आणि आधीच हृदयविकार किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेले, पण मधुमेह नसलेले १७ हजारांहून जास्त लोक. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगानं मृत्यू यांचं प्रमाण एक पंचमांशानं कमी झालं. आठ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर. आणि आपल्या देशात २०२३ च्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. साखर मोकाट सोडली तर डोळे, पाय, मूत्रपिंड यांचं नुकसान होतंच, आणि ते दहा हजारांत एकाचं नसतं. चाचांना मी तो बोस्टनचा आकडा आणि युरोपचा आकडा शेजारी शेजारी लिहून दिला. ते कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. पडद्याची तपासणी झाली आणि औषध लहान डोसपासून पुन्हा सुरू झालं.

आता कामाच्या गोष्टी.

एक, सुरू करण्याआधी. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. जिम, पार्लर, इन्स्टाग्राम, गल्फहून आलेल्या भाईची बॅग, यांतून आलेलं पेन नाही. बनावट ओझेम्पिकबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्ये इशारा दिला होता. आत काय भरलंय हेच माहीत नसेल तर दुष्परिणाम कशाचा म्हणणार? आधी डोळे, एचबीए१सी, बी१२ आणि पायांची संवेदना तपासून घ्या. पायांची तपासणी नायलॉनच्या एका बारीक तारेनं आणि कंपकाट्यानं दोन मिनिटांत होते. ती नोंद असेल तर पुढे त्रास नवा की जुना हे ठरवता येतं.

दोन, मुलींसाठी आणि मुलींच्या आईबापांसाठी. रिश्ता बघायला येणाऱ्यांच्या नजरेसाठी कुणी आपल्या मुलीला सुई टोचू नये. आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं, गरोदर राहायचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायला सांगतात.

तीन, रमजान. या इंजेक्शननं एकट्यानं साखर सहसा फार खाली जात नाही. पण सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर रोज्यात धोका वाढतो. उलट्या-जुलाब चालू असतील तर अंगातलं पाणीही कमी होतं. रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा आणि डोस ठरवून घ्या. चाँद दिसल्यावर नाही.

चार, पाय. वजू करताना आपण पायाच्या बोटांमधून करंगळी फिरवतोच. त्याच वेळी एक नजर टाका. भेग, फोड, ओल, रंग बदललेला. नजर कमी झालेल्या आजोबांचे पाय नातवानं बघावेत. गरम पाण्याचा अंदाज बधिर पायानं घेऊ नका, हाताच्या कोपरानं घ्या.

पाच, नोंद. औषध कधी सुरू केलं, डोस कधी वाढवला, त्रास कधी सुरू झाला, या तीन तारखा वहीत लिहा. आमच्याकडे 'काहीतरी बिघडलंय' अशी तक्रार कुणी सोडवू शकत नाही. 'अमुक तारखेला, अमुक केल्यावर, असं झालं' ही सोडवता येते. दुष्परिणामाचा संशय आला तर तुम्ही स्वतः सरकारला कळवू शकता. भारतीय औषध सुरक्षा निरीक्षण कार्यक्रमाचा मोफत क्रमांक आहे १८००-१८०-३०२४. सामान्य माणसासाठीचा फॉर्म मराठीतही आहे. औषधामुळेच झालं हे तुम्ही सिद्ध करायचं नाही, संशय पुरेसा आहे. विरळ दुष्परिणाम एका डॉक्टरला दिसत नाहीत, हजारो नोंदी एकत्र आल्या की दिसतात. आपण कळवलं नाही, तर आपल्या वस्तीतल्या माणसांचं काय झालं हे त्या आकड्यांत कधी येणारच नाही.

माझं बोलणं इथं थांबवतो. चुलतभाऊ इथेच बसलाय, त्यानं अजून पेन घेतलेलं नाही आणि पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं डॉक्टरांकडे जाणार आहोत. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बहिणींपासून सुरू करू, त्यांच्यापर्यंत माईक नेहमी शेवटी पोचतो.